पेशल दाढी

मराठीत एखाद्याची खोड मोडायची असेल तर त्याची 'बिनपाण्यानं' करतात. पुढचा 'हजामत' हा शब्द न बोलताच सगळ्यांना कळतो. आमच्या घरात हा वाक्प्रचार वापरायला बंदी होती, कारण आमचा धंदाच तो. पण आता वाटतं, ज्यानं कुणी तो पहिल्यांदा वापरला त्याला दाढीतलं सगळं शास्त्र ठाऊक असलं पाहिजे. बघा ना, त्यानं 'बिनसाबणानं' म्हटलेलं नाही. 'बिनपाण्यानं' म्हटलं आहे.

हे सुचायला निमित्त झालं भाच्याचं. दिवाळीत तो लंडनहून आला तेव्हा माझ्यासाठी दाढीचा साबण घेऊन आला. "मामा, तुला ब्रशनं दाढी करायचं वेड आहे ना, म्हणून मुद्दाम जुन्या दुकानातून आणलाय." लाकडाची कातीव वाटी, तिला झाकण, आत हस्तिदंती रंगाची गोल वडी, वास चंदनाचा. वाटी बघून सगळं घर खूश. रात्री सगळे झोपल्यावर मी (कोत्या मनाचा माणूस!) गुपचूप किंमत बघितली. बत्तीस पौंड. म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी जी ट्यूब आणतो ती सत्तर रुपयांची.

झोप लागेना. पैशांमुळे नव्हे. ती वाटी बघून अण्णांचं दुकान डोळ्यांसमोर उभं राहिलं, आणि त्या दुकानातली एक गोष्ट, जी मी चाळीस वर्षं कुणालाच सांगितलेली नाही. आज सांगतो. नातेवाईकांपैकी जे हे पान वाचतात (आत्या, तुम्हीसुद्धा) त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं आणि मग काय रागवायचं ते रागवावं.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात एस. टी. स्टँडच्या मागच्या बोळात अण्णांचं सलून होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, एक बाकडं, बाकड्यावर कालचा पेपर. भिंतीवर दरपत्रक. त्यात 'दाढी १ रुपया' आणि त्याच्या खाली लाल अक्षरांत 'पेशल दाढी १ रु. ७५ पैसे'. ही गोष्ट १९८२-८३ ची. मी तेव्हा सहावीत होतो आणि शाळा सुटली की दुकानातला केर काढायचं काम माझ्याकडे असे. केर म्हणजे अर्थात केस.

साध्या दाढीला ॲल्युमिनियमची वाटी, त्यात वजनावर आणलेली साबणाची वडी, आणि बादलीतलं गार पाणी. पेशल दाढीचा थाट वेगळा. तिच्यासाठी फळीवर एक पांढरी चिनी मातीची बरणी असे. झाकणावर निळी इंग्रजी अक्षरं आणि एक राजमुकुट. एका गिऱ्हाइकाचा मुलगा बोटीवर नोकरीला होता, त्यानं ती आणून दिलेली. पेशल गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की अण्णा स्टोव्ह पेटवत, पाणी गरम करत, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तोंडावर ठेवत आणि मग ती बरणी खाली काढत. झाकण उघडलं की दुकानभर चंदनाचा वास. मामलेदार कचेरीतले साहेब, बँकेचे मॅनेजर, दोन डॉक्टर आणि आमचे हेडसर ही पेशलची गिऱ्हाइकं. हेडसर तर आरशात गाल चाचपत म्हणायचे, "काही म्हण, इंग्रजांचा साबण तो इंग्रजांचाच."

एका रात्री दुकान बंद करताना मी आतल्या खोलीत गेलो तर अण्णा स्टोव्हपाशी उकिडवे बसलेले. समोर त्याच वजनावरच्या साबणाची वडी. ती चाकूनं किसत होते. किसात थोडं गरम पाणी, बोटभर ग्लिसरीन, चंदनाच्या तेलाचे दोन थेंब. मळलं. आणि मग ती चिनी मातीची बरणी घेऊन अंगठ्यानं दाबून दाबून तिच्यात भरलं, वरून हात फिरवून गुळगुळीत केलं. मी दारात तसाच उभा. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "केर झाला का काढून?"

इंग्रजांचा साबण कधीच संपला होता. किती वर्षांपूर्वी, देव जाणे.

त्यानंतर हेडसर शाळेत खरेपणावर बोलायला लागले की मला घाम फुटायचा. वाटायचं, माझे वडील लबाड आहेत आणि हे फक्त मला माहीत आहे. पुढे शिकलो, पुण्याला नोकरी लागली, दुकान बंद झालं, पण ती बरणी काही डोक्यातून गेली नाही. म्हणून या दिवाळीनंतर साबणाबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. अण्णांना सोडवायला की पकडायला, ते मलाही नक्की माहीत नव्हतं.

तर साबणाची गोष्ट.

महाग साबणाच्या इतिहासात मला पहिला भेटला तो एक न्हावीच. अँड्र्यू पिअर्स. हो, तोच, दिवाळीच्या अभ्यंगाला आपल्याकडे घरोघरी निघणाऱ्या पारदर्शक साबणाचा पिअर्स. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातला हा मुलगा हजामतीचं काम शिकला आणि १७८९ साली लंडनच्या सोहो भागात त्यानं दुकान थाटलं. गिऱ्हाइकं श्रीमंत. त्या काळचा साबण इतका जहाल की त्यानं कातडी खरखरीत व्हायची आणि ती लपवायला पुन्हा पावडरी आणि लेप. रोज गालांवर हात फिरवणाऱ्या माणसाला हे दिसणारच. त्यानं साबण शुद्ध करायची खटपट केली आणि १८०७ साली पारदर्शक वडी काढली. पुढे याच कंपनीनं जॉन एव्हरेट मिले या नामवंत चित्रकाराचं, फुगे बघत बसलेल्या मुलाचं १८८६ सालचं चित्र विकत घेतलं, त्यात साबणाची वडी घुसडली आणि त्याची जाहिरात केली. साबण आधी होता, चित्र नंतर चिकटलं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते चित्रच.

त्या काळी इंग्लंडात साबण मुळातच चैनीची वस्तू होता. १७१२ साली राणी ॲनच्या कारकिर्दीत साबणावर कर बसला. वाढत वाढत १८१६ साली तो पौंडाला तीन पेन्सवर गेला. चोरून साबण शिजवू नये म्हणून सरकारी माणसं रात्री कढयांच्या झाकणांना कुलपं लावत. अखेर १८५३ साली ग्लॅडस्टननं हा कर काढून टाकला आणि मग साबण स्वस्त झाला, कारखाने वाढले.

दाढीच्या साबणाचं त्याच्याही आत एक वेगळं जग होतं. नेपल्सहून येणारा मऊ साबण लंडनच्या अत्तरवाल्यांकडे दाढीसाठी नावाजलेला होता. फ्लोरिस (१७३०), डी. आर. हॅरिस (१७९०), ट्रुफिट (१८०५), ट्रंपर (१८७५) ही लंडनच्या सेंट जेम्स-मेफेअर भागात नावारूपाला आलेली घराणी. कुणी अत्तरवाले, कुणी औषधवाले, कुणी न्हावी. ट्रुफिट तर राजदरबारच्या टोपांचा कारागीर. (याच ट्रुफिटच्या नावाचं सलून अलीकडे मुंबईतही निघालं. तिथल्या दाढीचा दर इथे लिहीत नाही, अण्णा हे वाचणार आहेत.) अटलांटिकच्या पलीकडे त्याच सुमारास, १८४० मध्ये, कनेटिकटमधल्या जेम्स विल्यम्स नावाच्या औषधवाल्यानं कपात ठेवून फेस काढायचा साधा, स्वस्त साबण आणला आणि तो पुढे अमेरिकेत घरोघरी गेला. म्हणजे स्वस्त आणि महाग ही दोन्ही घराणी जवळपास एकाच वयाची.

आता या दोघांच्या पोटात काय असतं? इथे मला भेटला या गोष्टीतला सगळ्यात आवडता माणूस, मिशेल शेव्रल. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ, जन्म १७८६, मृत्यू १८८९. म्हणजे तब्बल १०२ वर्षं जगला! साबण हजारो वर्षं शिजत होता, पण कढईत नेमकं काय होतं ते कुणाला कळत नव्हतं. शेव्रलनं प्राण्यांच्या चरबीचे घटक वेगळे केले आणि १८२३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. चरबी म्हणजे काही आम्लं आणि ग्लिसरीन यांची जोडी. क्षार घातला की जोडी तुटते, आम्लांचा साबण होतो आणि ग्लिसरीन सुटं होतं. या आम्लांतलं एक म्हणजे स्टिअरिक आम्ल.

दाढीच्या साबणाचा प्राण म्हणजे हे स्टिअरिक आम्ल. अंघोळीच्या साबणाचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो, पटकन येतो आणि पटकन बसतो. स्टिअरिकच्या साबणाचा फेस बारीक, दाट आणि टिकाऊ. दुसरी गोष्ट म्हणजे क्षार. कॉस्टिक सोड्यानं साबण कडक होतो, पोटॅशनं मऊ होतो आणि पाण्यात चटकन विरघळतो. दाढीच्या वडीत बहुधा दोन्ही असतात, क्रीममध्ये मुख्यतः पोटॅश. वर थोडं खोबरेल, थोडं ग्लिसरीन. झालं.

मी भाच्याची वाटी आणि माझी ट्यूब शेजारी ठेवली, भिंग घेतलं आणि दोन्हींवरचे घटक वाचले. स्टिअरिक आम्ल, खोबरेलाचं आम्ल, पोटॅश, ग्लिसरीन, पाणी. दोन्हीकडे तेच. वाटीतल्या साबणात सोडाही होता आणि पाणी कमी, कारण कडक वडी रुळांमधून पुन्हा पुन्हा दाबून काढतात, त्यानं ती घट्ट होते आणि जास्त दिवस पुरते. मग सुगंधी द्रव्यांची यादी मात्र वाटीवर लांबलचक होती. शेव्रल आजोबा दोघांकडेही हजर होते. किंमत पन्नास पट.

अन्याय नको म्हणून महिनाभर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून बघितलं (बायकोनं तो काटा आता बदलला आहे). पंचवीस दाढ्यांना वडीतला वीसेक ग्रॅम साबण गेला. म्हणजे शंभर ग्रॅमच्या वडीत सव्वाशे दाढ्या, दर दाढीला अठ्ठावीस रुपये. ट्यूबच्या दाढीला एक रुपया. आणि प्रामाणिकपणे सांगतो, फरक आहे. लंडनचा फेस थोडा जास्त वेळ ओला राहतो, पातं थोडं जास्त सरकतं, आणि वास असा की न्हाणीघरातून बाहेर यावंसं वाटत नाही. पण सत्तावीस रुपयांचा फरक गालाला कळत नाही. तो नाकाला कळतो आणि डोळ्यांना कळतो.

जुन्या लोकांचं मात्र चुकलेलं नव्हतं. ज्याच्याकडे न्हावी होता, गरम पाणी होतं, अर्धा तास वेळ होता, त्याची दाढी खरोखरच चांगली होत होती. हे बदललं ते किंग कँप जिलेटमुळे. १९०४ साली त्याला बदलत्या पात्याच्या रेझरचं पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी साडेतीस लाख नव्हे, पस्तीस लाख रेझर घेतले गेले (अण्णांना वाचून दाखवताना मी आधी आकडा चुकीचा वाचला, त्यांनी लगेच 'नीट वाच' म्हणून टोकलं). ती पोरं घरी परतली ती स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊन. साबणाला न्हाव्याच्या हाताची गरज उरली नाही, आणि वेळेचीही. १९१९ मध्ये ब्रशशिवाय लावायचं क्रीम आलं, १९५० च्या सुमारास डब्यातून फस्सकन निघणारा फेस आला.

याच युद्धात स्वस्ताईनं माणसंही मारली, तेही सांगायला हवं. चांगला ब्रश बिज्जूच्या केसांचा. युद्धामुळे त्या केसांचा पुरवठा विस्कळित झाला, तेव्हा घोड्याचे केस रंगवून बिज्जूचे म्हणून ब्रशात भरले गेले. ते नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यातून सैनिकांना आणि नागरिकांना दाढी करताना चेहऱ्यावर अँथ्रॅक्स झाला. काही जण दगावले. १९२० साली ब्रिटननं जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवरच बंदी घातली. हे वाचताना मी थोडा वेळ थांबलो. खोटा माल भरणं म्हणजे हेही असतं.

आपल्याकडे गोष्ट आणखी वेगळी. माझे पणजोबा बलुतेदार. धोकटी काखेत मारून दारोदार जायचे आणि सुगीला धान्य मिळायचं. धोकटीत वस्तरा, कातर, चामडी पट्टा, तुरटी, पाण्याची वाटी. साबण नाहीच. गालावर पाणी चोळ चोळ चोळायचं आणि वस्तरा लावायचा. साबण आमच्या घराण्यात आला तो तालुक्याच्या गावी दुकान टाकल्यावर. आल्या आल्या प्रश्नही घेऊन आला. माळकरी गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की विचारायचं, "चरबीचा नाही ना?" प्रश्न रास्त होता. विलायती साबण पिढ्यान् पिढ्या गुरांच्या चरबीचा. म्हणूनच अर्देशीर गोदरेजांनी १९१८ च्या सुमारास नुसत्या वनस्पती तेलाचा 'चावी' साबण काढला तेव्हा त्याला इतकं महत्त्व आलं. कुलपं करणाऱ्याच्या साबणाचं नाव चावी! गंमत अशी की लंडनच्या अनेक जुन्या घराण्यांनी चरबी सोडून पाम तेल धरलं ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. भाच्याची वाटीही शाकाहारीच आहे, आणि तिच्यावर ज्याचं नाव मिरवतंय ते चंदन तर आपल्या म्हैसूरकडचं. पहिल्या महायुद्धात चंदनाची युरोपात होणारी निर्यात अडली, म्हणून १९१६ साली म्हैसूर संस्थानानं तेल काढायचा कारखाना इथेच काढला. अण्णांचे ते दोन थेंबही त्याच मुलखातल्या तेलाचे.

सगळ्यात शेवटी हाताला लागला एक खटला, आणि तो वाचून मी खुर्चीतून उठलोच. अमेरिकेत १९५९ साली टीव्हीवर पामोलिव्हच्या 'रॅपिड शेव्ह' क्रीमची जाहिरात लागायची. खरखरीत सँडपेपर, त्यावर क्रीमचा फेस, लगेच रेझरचा एक फटकारा आणि सँडपेपर गुळगुळीत! सरकारच्या व्यापार आयोगानं चौकशी केली तर तो सँडपेपर नव्हताच. काचेसारख्या प्लास्टिकवर वाळू चिकटवलेली होती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६५ साली सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकाल दिला की प्रेक्षकाला न सांगता असा बनावट देखावा दाखवणं ही फसवणूकच.

पण त्या खटल्यातली एक बारीक गोष्ट ऐका. खऱ्या सँडपेपरची दाढी होते. फक्त तो आधी सुमारे ८० मिनिटं भिजवावा लागतो.

भिजवावा लागतो! पुन्हा पाणीच. केसाचंही तसंच. कोरडा केस तारेसारखा. पाणी पिऊन तो फुगतो, मऊ पडतो आणि कापायला कितीतरी कमी जोर लागतो. गरम पाण्यानं हे लवकर होतं. साबणाचं काम काय, तर केसावरचा तेलकटपणा काढायचा म्हणजे पाणी आत जाईल, आणि फेस करून ते पाणी गालावर धरून ठेवायचं. फेस म्हणजे पाण्याला उभं राहायला दिलेली जागा. बोअरिंगचं जड पाणी असेल तर साडेतीन हजारांचा साबणसुद्धा नुसता साका धरतो.

आता अण्णांच्या दुकानाकडे परत चला. पेशल गिऱ्हाइकाला गरम टॉवेल मिळत होता. गरम पाणी मिळत होतं. ग्लिसरीन आणि चंदन मिळत होतं. अण्णा ब्रश जास्त वेळ फिरवत होते. हेडसरांची दाढी खरोखरच चांगली होत होती, फक्त ती इंग्रजांमुळे होत नव्हती. पंचाहत्तर पैसे वाया गेलेले नव्हते. खोटं होतं ते बरणीवरच्या निळ्या अक्षरांत. सर्वोच्च न्यायालयाच्या हिशेबानं अण्णा दोषी. ब्रशवाल्यांच्या रांगेत मात्र मी त्यांना बसवणार नाही. त्यांच्या बरणीत जे होतं त्यानं कुणाचा गाल बिघडला नाही.

पण मला जास्त सलणारी गोष्ट दुसरीच होती. साध्या गिऱ्हाइकाला गार पाणी का? हमाल, एस. टी. चे कंडक्टर, बाजाराला आलेले शेतकरी, यांचे खुंट जास्त राठ. गरम पाण्याची गरज खरी त्यांना. एक तांब्या पाणी तापवायला कितीसं रॉकेल लागतं?

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा वाटी बरोबर घेऊन गेलो. अण्णा आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. हात कापतात, त्यामुळे मी गेलो की त्यांची दाढी मीच करतो. फेस काढता काढता चाळीस वर्षांनी विचारलं. बरणीचं, आणि गार पाण्याचंही.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रॉकेल कार्डावर मिळायचं. घरी तुझ्या आईला पुरवायचं की दुकानात जाळायचं? पेशलवाले पैसे द्यायचे, त्यात त्यांचं रॉकेल निघायचं, वर तुझी फी निघायची."

"पण मग बरणी कशाला? गरम पाण्याचेच पैसे घ्यायचे."

"गरम पाण्याला कोण पंचाहत्तर पैसे देतो रे? पाणी तर त्यांच्या घरीपण होतं. बरणीला देतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लंडनवाल्यांकडेही नसावं.

मग त्यांनी आपण होऊन एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. पेशलचा ब्रश वेगळा असे. काही गिऱ्हाइकं पेशल घ्यायची ती साबणासाठी नव्हे, त्या ब्रशासाठी. तो 'कुणाकुणाच्या' गालाला लागलेला नसतो, म्हणून. या 'कुणाकुणाच्या'चा अर्थ तुम्हाला कळला असेल. आमच्या पणजोबांच्या काळी गावातल्या काही वस्त्यांमधल्या माणसांची हजामत गावचा न्हावी करतच नसे. हे आमच्या घराण्याच्या इतिहासात आहे आणि ते लिहिताना लाज वाटते, पण आहे. अण्णांच्या दुकानात कुणाला परत पाठवलेलं मी बघितलं नाही, साध्या खुर्चीत सगळे बसायचे. पण दरपत्रकातली ती लाल ओळ काही जणांना आणखी एक सोय पुरवत होती, हे लहानपणी मला कळलं नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. रात्री दोन्ही ब्रश एकाच बादलीत धुवायचो. सकाळी कुठला कुठं जायचा, मला कुठं कळायचं? ब्रश ब्रशासारखाच असतो."

हे मुद्दाम की सवयीनं, असं मी विचारलं नाही. तोंडावर फेस असताना माणसाला फार बोलायला लावू नये.

त्या दिवशी मी त्यांच्या डाव्या गालाला माझी सत्तर रुपयांची ट्यूब लावली आणि उजव्याला लंडनची वाटी. दोन्हीकडे गरम पाणी. डोळे मिटायला सांगितले. दाढी झाल्यावर त्यांनी दोन्ही गालांवरून उलट्या हातानं चाचपून बघितलं, जसं ते गिऱ्हाइकाचं बघायचे.

"उजवीकडचा वास चांगला आहे," म्हणाले. "पण डावीकडे तू पाणी बरोबर घातलंस. उजवीकडं हात आखडलास. महाग आहे म्हणून घाबरत फेस काढलास होय?"

खरं होतं. पुरवून पुरवून वापरत होतो.

हे सगळं लिहू का, असंही विचारून घेतलं. म्हणाले, "लिही. त्यातली गिऱ्हाइकं आता राहिलीत कुठं?" आत्या, म्हणजे परवानगी घेतलेली आहे.

निघताना साबणाची वाटी पिशवीत भरत होतो. अण्णांनी ती मागून घेतली, झाकण काढलं, लाकडावरून अंगठा फिरवला, तळ ठोकून बघितला.

"वाटी चांगली आहे," म्हणाले. "साबण संपला की फेकू नकोस."